सिक्स्टन लिहीत आहे

मिडसमरच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाच्या, आदल्या दिवशी सकाळी आमच्या ऑफिसातल्या टेलिफोनच्या खोलीचं दार उघडेनासं झालं, आणि आत सिक्स्टन होता. या दोन गोष्टी वेगवेगळ्या घेतल्या तर त्यांत चिंता करण्यासारखं काही नाही. दार बंद राहावं म्हणूनच बसवलेलं असतं, आणि सिक्स्टन कुठे ना कुठे असायचाच. दोन्ही एकत्र आल्यामुळे जो प्रश्न उभा राहिला, त्याचा निर्णय ऑफिसच्या रीतीप्रमाणे सुरू आहे. उशिरा आलेल्यांना मागचं सगळं वाचत बसावं लागू नये, म्हणून इथवरची हकीकत खाली देत आहोत.

आमचं ऑफिस नॉरशोपिंगमध्ये, नदीकाठच्या जुन्या कापडगिरणीत आहे. गिरणी चालू होती तेव्हा तिथे इतका आवाज असे, की शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागे. आता तिथे संपूर्ण शांतता असते आणि शेजारच्या माणसाशी आम्ही लिहून बोलतो. आम्ही जे बनवतो त्याचं नाव ‘ताबडतोब’. वेबसाइट बनवणाऱ्यांना आपल्या साइटवर माणसांची एकमेकांशी जागच्या जागी गाठ घालून द्यायची असते. त्यासाठी लागणारा सगळा सरंजाम आम्ही पुरवतो. निरोप पोचल्याची खूण, वाचल्याची खूण, माणूस हजर असल्याचा हिरवा ठिपका, पटल्याचा अंगठा, आवडल्याचा बदाम. निरोप तेवढा ज्याचा त्याने आणायचा.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट सिक्स्टनने केलेली आहे. ‘अमुक लिहीत आहे’ ही ओळ आणि तिच्यापुढे नाचणारे तीन ठिपके. बाजारात असे ठिपके पुष्कळ मिळतात, पण सिक्स्टनचे ठिपके सभ्य आहेत. माणूस लिहिता लिहिता थांबला, की इतरांचे ठिपके लगेच विझतात. सिक्स्टनला हे अपमानास्पद वाटे. थांबलेला माणूस विचार करत असतो, आणि विचार करणाऱ्याबद्दल ‘हा काही लिहीत नाही’ असं चारचौघांत जाहीर करणं हा उद्धटपणा आहे, असं त्याचं म्हणणं. म्हणून ‘ताबडतोब’मध्ये ज्याने एकदा तोंड उघडलं, तो बोलून पुरा मोकळा होईपर्यंत लिहीतच असतो. मालमोच्या परिषदेत सिक्स्टनने हे मांडलं तेव्हा श्रोते उभे राहिले होते. पुढच्या रांगेतल्या एकाने डोळे पुसले.

आमच्या ऑफिसात साहेब नाही. उलरिका आहे, पण ती साहेब नाही. ती फक्त सगळ्यांचे पगार ठरवते. इथे जो तो दुसऱ्याला अरे-तुरे करतो आणि निर्णय सर्वांचा असतो. रीत अशी, की प्रश्न ग्रुपवर मांडायचा. जेवढे हिरवे ठिपके हजर असतील तेवढ्यांनी ‘हरकत नाही’ म्हणायचं. आणि कुणी एक जण जरी लिहीत असला, तरी त्याचं होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. बोलणाऱ्याला मधेच तोडण्याची आमच्यात पद्धत नाही. हा ग्रुप पाहुण्यांनाही खुला आहे, कारण लपवण्यासारखं आमच्याकडे काहीच नाही. जो वाचतो तो हजर, आणि जो हजर त्याचंही ऐकून घ्यायचं, हे ओघानेच आलं. या रीतीने आम्ही आजवर एकही चुकीचा निर्णय घेतलेला नाही. बरोबर निर्णय दोन घेतले. त्यातला कॉफीच्या यंत्राबद्दलचा निर्णय अमलात यायचा आहे.

टेलिफोनची खोली म्हणजे एका माणसापुरती काचेची पेटी. आतला आवाज बाहेर येत नाही, बाहेरचा आत जात नाही. ऑफिसचं सगळं नेटवर्क तोरकेल सांभाळतो. वायरीतून किंवा हवेतून जे जे एकमेकांशी बोलतं, ते त्याच्या ताब्यात. गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून त्याने या पेटीचं कुलूपही ‘ताबडतोब’ला जोडलेलं आहे. आतल्या माणसाने बटण दाबलं, की कुलपाला निरोप जातो आणि दार उघडतं. शिवाय आत बोललेलं वाक्य आपोआप लेखी होऊन ग्रुपवर उमटतं. खासगी बोलायचं असेल तर आधी ही सोय बंद करावी, अशी सूचना पेटीवर चिकटवलेली आहे. ती बाहेरून वाचता येते.

त्या दिवशी सकाळी तोरकेलने एक लहानसा बदल केला. सणाच्या आदल्या दिवशी चालू यंत्रणेला हात लावू नये, हे आमच्या धंद्यात शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. तोरकेललाही ठाऊक होतं, म्हणून तर त्याने बदल लहान केला. कुणा एकट्याच्या मनात आलं म्हणून ऑफिसात काही घडू नये, ते आपल्या मूल्यांत बसत नाही, असं उलरिका वसंतात एकदा बोलून गेली होती. ते राहून गेलेलं काम तोरकेलने सुट्टीआधी उरकलं. त्यानंतर आतलं बटण दाबलं, की दार उघडण्याऐवजी ‘दार उघडावं’ असा प्रस्ताव ग्रुपवर येऊ लागला.

याची पहिली खबर सिक्स्टनला लागली. तो बायकोला, येनीला, फोन करायला आत गेला होता. येनी आणि त्यांची मुलगी तिल्दा आठवडाभर आधीच बेटावर जाऊन राहिल्या होत्या. सणाच्या दिवशी त्या बेटाला बोट जात नाही, त्यामुळे आदल्या दुपारची बोट ही शेवटची. तिल्दा यंदा, फुलांनी सजवलेला खांब उभा करताना, व्हायोलिन वाजवणार होती. गेल्या दोन मिडसमरना सिक्स्टन पोचला तोवर खांबावरची फुलं सुकलेली होती. या वेळी त्याने शब्द दिला होता. बेटावर न्यायचा स्ट्रॉबेरीचा केकही त्याने ऑफिसच्या फ्रिजमध्ये आणून ठेवला होता, खोक्यावर स्वतःचं नाव घालून.

ग्रुपवर प्रस्ताव आला तेव्हा आम्ही दहा जण जागेवर होतो. प्रस्ताव चांगला होता. तूवाने, म्हणजे आमच्या पडद्यावरची रंगसंगती जी बघते तिने, लगेच बदाम दिला.

«अरे, प्रस्ताव कसला? मी आत अडकलोय,» सिक्स्टनने लिहिलं.

«अडकलोय म्हणू नकोस,» तोरकेलने लिहिलं. «कुलूप व्यवस्थित चालू आहे. मी आत्ताच पाहिलं.»

«मग उघड ना!»

«मी? एकट्याने? बरा आहेस ना?»

«सिक्स्टनने हा विषय काढला ते मला फार आवडलं,» उलरिकाने लिहिलं. «आपण सगळ्यांचं ऐकू या.»

सगळ्यांचं ऐकण्यात आलं. हरकत कुणाचीच नव्हती. तोरकेलचीही नव्हती, तो फक्त म्हणाला की पुढच्या वेळी असा विषय जरा आधी कळवावा. बाहेरून कार्ड लावलं की प्रस्तावाला अनुमोदन मिळतं असंही लक्षात आलं, आणि उलरिकाने उत्साहाच्या भरात चार वेळा कार्ड लावलं. दहाच्या दहा संमती पडल्या. आता दार उघडणार म्हणून तूवाने फोनचा कॅमेरा तयार ठेवला. दार उघडलं नाही. पडद्यावर खाली एक ओळ आली होती.

‘सिक्स्टन लिहीत आहे.’

आम्ही थांबलो. थोड्या वेळाने त्याचं लिहिणं पोचलं. «काय झालं? उघडत का नाही?»

«तू लिहीत होतास म्हणून,» तोरकेलने कळवलं. «लिहू नकोस.»

«बरं.»

«हे आत्ता परत लिहिलंस.»

«तू सांगितलंस म्हणून उत्तर दिलं!»

«उत्तर देऊ नकोस. कळलं का?»

«कळलं.»

काचेपलीकडे तोरकेलने कपाळावर हात मारलेला सिक्स्टनला दिसला. मग त्याने फोन खाली ठेवला, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि तो निमूट बसून राहिला. आम्हीही श्वास रोखून बसलो. पण आत राहून राहून त्याच्या तोंडून सुस्कारा निघाला. तो पेटीने इमानाने टिपला आणि ग्रुपवर उमटला, «हुश्श». सुस्कारा म्हणजे वाक्याची सुरुवात. पुढचं वाक्य येईना, आणि सिक्स्टनच्या तत्त्वानुसार थांबलेला माणूस विचार करत असतो. तीन ठिपके पुन्हा नाचू लागले आणि नाचतच राहिले. ठिपके खरोखर सुंदर आहेत. इतका वेळ आम्ही ते कधी सलग पाहिले नव्हते.

बोललेलं लेखी होण्याची सोय बंद करावी, म्हणून सिक्स्टनने आतलं दुसरं बटण दाबलं. त्याचाही प्रस्ताव आला. पहिला प्रस्ताव निकाली निघाल्याखेरीज दुसरा घेता येत नाही.

«तोरकेल, सकाळचा बदल मागे घे,» सिक्स्टनने लिहिलं.

«मागे घेणं हासुद्धा बदलच. सणाच्या आदल्या दिवशी दुसरा बदल? वेड लागलंय का तुला?»

या मुद्द्यावर आम्ही सगळे तोरकेलच्या बाजूने होतो. अकरा बदाम पडले. अकरावा कुठून आला ते पाहिलं, तर पाहुणे येऊ लागले होते.

मग सिक्स्टनने आणीबाणीच्या नंबरला स्पीकरवर फोन लावला. ते संभाषण ग्रुपवर अक्षर अन् अक्षर आहे. पलीकडे एक शांत आवाजाची बाई होती.

«तुमच्या जिवाला धोका आहे का?»

«नाही. पण मी कोंडला गेलोय.»

«हवा येतेय?»

«येतेय. वर पंखा आहे.»

«बाहेर कुणी माणसं आहेत का?»

«दहा जण आहेत. माझ्याकडेच बघताहेत.»

«मग ते काही करत नाहीत?»

«करताहेत की. लिहिताहेत.»

मग बाईंनी विचारलं, «काय लिहिताहेत?»

«‘तू किती धीराने घेतोयस’ असं लिहिलंय. पुढे बदाम आहे.»

«चांगली माणसं दिसतात,» बाई म्हणाल्या. «त्यांना सांभाळून घ्या. शुभ मिडसमर.»

बाहेरच्या, त्रयस्थ माणसाकडून असा अभिप्राय आला की बरं वाटतं. उलरिकाने तो वाक्यखंड आमच्या साइटच्या पहिल्या पानावर लावायला घेतला.

यानंतर येनीचा फोन आला.

«निघालास का?»

«दाराशी आहे.»

«गेल्या वर्षीही दाराशीच होतास.»

«या वेळी खरंच दाराशी आहे गं. दाराला हात लागलाय माझा.»

«मग उघड आणि ये.»

«बघतो.»

«दार उघडायला बघायचं काय असतं, सिक्स्टन?»

«ग्रुपवर टाकलंय.»

मग येनी म्हणाली, «तिल्दाला देते. जे काय सांगायचंय ते तिला सांग.»

«बाबा,» तिल्दा म्हणाली, «आई तुझी खुर्ची मांडत नाहीये. म्हणते, आला की मांडू.»

«मांडायला सांग. मी येतोय.»

«मी सांगितलं. ती म्हणाली, आला की मांडू.»

हे वाचून आमच्यातल्या बऱ्याच जणांना गलबलून आलं. अशा वेळी माणसाने मन मोकळं करावं म्हणून प्रत्येकाने सिक्स्टनला चार शब्द लिहायचं ठरवलं. त्यामुळे दहा जण एकदम लिहू लागले आणि पडद्यावर ठिपक्यांची एक ओळच्या ओळ नाचू लागली. तेवढ्या वेळात दाराचा प्रश्न अर्थातच मागे ठेवावा लागला. तोरकेलने सर्वांत लांब लिहिलं. त्याच्या वडिलांनीही त्याची खुर्ची कधी मांडली नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळलं. गेली आठ वर्षं तोरकेल आमच्या शेजारी बसतो.

एव्हाना आत उकडू लागलं असावं. सिक्स्टन काचेच्या जवळ आला, त्याने काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि तिच्यावर बोटाने मोठ्या अक्षरांत ‘उघडा’ असं लिहिलं. बाहेरून वाचता यावं म्हणून त्याने अक्षरं उलटी काढली होती. माणूस मुळात विचारी. तूवाने त्याचा फोटो काढला. मागे नदी, गिरणीच्या खिडकीतून येणारं ऊन आणि वितळत चाललेला तो शब्द. ‘आजचा सुंदर क्षण’ म्हणून फोटो ग्रुपवर गेला. काचेवर टकटक करून सिक्स्टनला हे सांगावं असं एकाला वाटलं, पण टेलिफोनच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या काचेवर टकटक करू नये, असा आमच्याकडे संकेत आहे. त्याने हात मागे घेतला.

इथे सिक्स्टनने एक पाऊल उचललं जे आम्हाला थोडं खटकलं. ग्रुपला न विचारता त्याने परस्पर गावातल्या किल्लीवाल्याला बोलावलं. किल्लीवाल्याचं नाव रुने. हातात ड्रिल, खांद्याला पिशवी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

“कुठंय दार?” रुने मोठ्याने म्हणाला. ऑफिसात कुणीतरी तोंडाने बोललं म्हणून दोघी-तिघी दचकल्या.

“हे काय,” उलरिका म्हणाली.

“आणि आत कोण हा?”

“सिक्स्टन.”

“हातवारे करतोय.”

“हो, तो मनाने फार मोकळा आहे.”

“भोक पाडतो इथे,” रुने कुलपाशी वाकून म्हणाला. “कॉफी उकळेपर्यंत मोकळा करतो त्याला.”

“पाड ना! अगदी पाड,” उलरिका म्हणाली. “फक्त ग्रुपवर एकदा येऊ दे.”

“कसला ग्रुप? दार उघडायचंय ना?”

“उघडायचंच आहे रे. सगळ्यांना उघडायचंय. म्हणूनच तुझंही ऐकायला आवडेल.”

“माझं काय ऐकायचंय? मी ड्रिलवाला.”

“असं स्वतःला कमी लेखू नकोस,” उलरिका म्हणाली, आणि तिने त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली, दालचिनीचा बन दिला आणि ग्रुपमध्ये घेतलं. रुनेच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. तो आता हजर होता, म्हणजे त्याची संमती लागणार होती. रुने एका बोटाने लिहितो. मधे मधे चष्मा काढून पुसतो. ‘रुने लिहीत आहे’ ही ओळ कॉफी संपेपर्यंत टिकली. अखेर त्याचं लिहिणं पोचलं: «मी रुने. कुलुपं करतो.»

बदामांचा पाऊस पडला.

“हे काय आलं?” रुनेने विचारलं.

“तू आवडलास आम्हाला,” तूवा म्हणाली.

रुनेने फोन डोळ्यांजवळ नेला. “हा एवढा सगळा माझाच?” त्याने चष्मा पुन्हा पुसला. “चाळीस वर्षं लोकांची दारं उघडतोय. एकाने कधी बदाम दिला नाही.” त्याने ड्रिल पायाशी ठेवलं आणि तो दुसरं वाक्य लिहायला बसला. या वेळी विषय त्याचं बालपण हा होता.

काचेपलीकडून सिक्स्टन ड्रिलकडे पाहत होता.

ऑफिस बारा वाजता बंद व्हायचं होतं, ते थेट पाच आठवड्यांसाठी. बाराच्या सुमाराला कुणाच्या तरी लक्षात आलं, की फ्रिजमध्ये सिक्स्टनचा केक आहे आणि तो ऑगस्टपर्यंत टिकणार नाही. हा प्रश्न ‘स्वयंपाकघर’ या दुसऱ्या ग्रुपवर घेण्यात आला. तिथे सिक्स्टन काही लिहीत नव्हता. हरकत कुणाचीच नव्हती. निर्णय बघता बघता झाला, आणि आमच्या पद्धतीला काही लोक दिरंगाईची म्हणतात त्यांना हे उत्तर म्हणून दाखवता येईल. आम्ही केक पेटीजवळच उभं राहून खाल्ला, सिक्स्टनला एकटं वाटू नये म्हणून. एक तुकडा मुद्दाम त्याच्यासाठी काढून ठेवला आहे. फ्रिजमध्ये, नाव घालून.

बारा वाजले आणि सिक्स्टनची सुट्टी सुरू झाली.

याचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे त्याचा हिरवा ठिपका करडा पडला. सुट्टीवरचा माणूस हजर धरत नाहीत, त्यामुळे त्याचं लिहिणंही धरत नाहीत. सकाळपासून अडवून बसलेलं मुख्य कारण अशा रीतीने आपोआप दूर झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या; आता फक्त रुनेचं आणि पाहुण्यांचं व्हायचं होतं. दुसरा परिणाम असा, की सुट्टीवरच्या माणसाला कामाचा निरोप पाठवणं आमच्याकडे निषिद्ध आहे. तेव्हा ही आनंदाची बातमी त्याला कळवता येईना. तो मात्र आतून लिहीतच होता. «बोट सुटेल.» «कुणी आहे का?» «निदान येनीला तरी कुणी सांगा.» शेवटी उलरिकाला राहवेना. नियम मोडून, पण आपुलकीने, तिने लिहिलं: «सिक्स्टन, सुट्टीत कामाच्या ग्रुपवर लिहू नये रे. गेली दोन वर्षं तू हेच करतोस. घरच्यांना वेळ दे.»

सिक्स्टनने ते वाचलं. वाचल्याची खूण उमटली. तो खाली बसला आणि त्यानंतर त्याने काही लिहिलं नाही.

आम्ही एकेक करून निघालो. निघताना प्रत्येकाने पेटीपाशी थांबून हात हलवला. रुने सर्वांत शेवटी उठला. त्याने बालपण पुरं करून «हरकत नाही» असं लिहिलं होतं, आणि आता तो तूवाबरोबर स्टेशनपर्यंत चालत जाणार होता. ड्रिल विसरला. ते पेटीच्या दाराशी, काचेला टेकून उभं आहे. ऑफिसातले दिवे माणसाची हालचाल असेल तरच लागतात, त्यामुळे सिक्स्टन अधूनमधून हात वर करतो.

आता पाहुण्यांविषयी. सकाळपासून आमच्या ग्रुपवर कुठून कुठून पाहुणे आले. एकाने काच कुठल्या कंपनीची ते विचारलं, एकाने केकची कृती मागितली, एका बाईंना तिल्दा कुठलं गाणं वाजवणार आहे ते हवं होतं. सगळ्यांनी जाताना आठवणीने ‘हरकत नाही’ म्हटलं. आमच्या सर्वांच्या संमती पडलेल्या आहेत, रुनेची पडलेली आहे, आणि सिक्स्टनची मोजायची नाही. कुलूप तयार आहे. बोट अजून धक्क्याला आहे, टॅक्सी करून गेलं तर मिळते. बेटावर खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. फक्त एक हिरवा ठिपका हजर दिसतो आहे, ज्याने सुरुवातीपासून सगळं वाचलं, दोनदा हसला, खुर्चीपाशी किंचित थांबला, आणि अजून एक शब्द म्हटलेला नाही.

पडद्यावर खाली ओळ आहे. ‘पाहुणा लिहीत आहे.’

तुम्ही विचार करत असाल, हे आम्ही समजू शकतो. तुम्हाला मधेच तोडणं आमच्या रीतीत बसत नाही. सावकाश होऊ द्या. ठिपके नाचताहेत, आणि सिक्स्टनने आत्ताच पुन्हा हात वर केला.